दोनला उठवा

आमच्या खानावळीत जेवणापेक्षा झोपेचं गिऱ्हाईक जास्त. मागच्या खोलीत सहा लोखंडी खाटा आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी एक पाटी टांगलेली. ड्रायव्हरने पाटीवर खडूने वेळ लिहायची आणि बिनघोर आडवं व्हायचं; उठवायचं काम माझं. तेही पाय हलवून. खांद्याला हात लावला तर हे लोक झोपेतच स्टिअरिंग फिरवतात आणि कोपर आपल्याला बसतं.

गेल्या वर्षी एकाला मी अगदी ठोक्याला उठवलं. त्याचे डोळे उघडत नव्हते, तरी गेला. पुलापलीकडे ट्रक झाडावर आदळला. तो वाचला नाही. तेव्हापासून त्या पाट्या पुसतानाही माझा हात जड होतो.

परवा भर दुपारी बाराला एक दाढी वाढलेला ड्रायव्हर आला. चहा पिता पिताच पेंगला, अर्धा कप शर्टावर. फोन माझ्याकडे चार्जिंगला दिला, पाटीवर दोन वाजता असं लिहिलं.

"वहिनी, दोन म्हणजे दोन हं," एवढं म्हणाला आणि पुढचं काही सांगायच्या आत घोरायला लागला.

दीडला फोन वाजला. 'ताई'. बहिणींना भावाची चौकशी करायला कारण लागत नाही, असं म्हणत मी आवाज बंद केला. दोनला त्याच्या पायाशी जाऊन उभी राहिले. हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अगं, दोन वाजून गेले," माझा भाऊ भट्टीजवळून ओरडला.

"झोपू दे. माल तासाभराने पोचला म्हणून आभाळ कोसळत नाही."

"ते ठरवणारी तू कोण?"

"दादा, तू तुझी भट्टी बघ."

चारला तो आपणहून उठला. घड्याळ बघून अनवाणीच बाहेर धावला. मी फोन हातात दिला; त्यावर ताईचे अकरा कॉल. त्याने लगेच लावला. पलीकडचं रडणं मला गल्ल्यापर्यंत ऐकू आलं.

"आई गेली," तो म्हणाला. "साडेतीनपर्यंत माझं नाव घेत होती. दोनला निघालो असतो तर तीनला पोचलो असतो." मग माझ्याकडे बघून, "फोन वाजला कसा नाही?"

"इकडे रेंजच नसते," दादा पटकन म्हणाला. माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि क्षणभर मला ते हवंहवंसं वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "आवाज मीच बंद केला. मुद्दामच उठवलं नाही. झोपेत गाडी चालवाल, याची भीती वाटली."

मला वाटलं, अंगावर धावून येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो मागच्या खोलीत जाऊन चपला शोधत राहिला. मी मागोमाग गेले. एक खाटेखाली सरकली होती, ती मी वाकून काढून दिली.

"असे जाऊ नका हो," मी विनवलं. "घटकाभर बसा. रस्ता वाईट आहे."

"आता कशाला भिता वहिनी?" चपलेत पाय घालत तो म्हणाला. "आता सावकाशच जाणार मी. घाई होती ती संपली."