उचलून बघा

लेकीने शिल्पांचं प्रदर्शन मांडलं. आमंत्रण आलं ते माझ्या जावेला, मला नाही. तरी ठेवणीतले कपडे घालून गेले. घर सोडून गेलेल्या पोरीला एकच सांगायचं होतं, घरी चल. तेवढंच रस्ताभर तोंडात घोळवत होते.

दालनात लांब फळीवर पांढरे ठोकळे मांडलेले, सगळे एका मापाचे. प्रत्येकावर तिला कुणी ना कुणी बोललेले शब्द कोरलेले. भिंतीवर पाटी, उचलून बघा. जावेने समजावलं की जे बोलणं जितकं लागलं तितका ठोकळा आत शिसं ओतून जड केलेला, वरून मात्र सगळ्यांना सारखंच प्लास्टर.

मनात म्हटलं, मग सगळ्यात जड माझाच. शाळा फार पाहिली नाही, पण माझ्या जिभेला अख्खं सासर टरकून असायचं. अक्षरं जुळवत जुळवत शोधला. 'मला तू मेलीस.' ती निघाली तेव्हा दारात हेच बोलले होते. दोन्ही हात लावून जोर केला, तर ठोकळा असा वर आला की मीच मागे कलंडले. आत नुसता कागदाचा लगदा. जाऊ तोंड फिरवून हसली.

लेक जवळ आली. वाळली होती. मी विचारलं, माझ्याच वेळी शिसं संपलं का गं?

"आई, तू ते मांजरालासुद्धा म्हणायचीस."

रागाने म्हणाली असती तर सोसलं असतं.

शेजारचा ठोकळा जागचा हलेना. त्यावर एकच शब्द, 'बरं.' आमचे हे गेले तोवर घरात याच्यापलीकडे फारसं बोलले नाहीत. पोरगी जाते म्हणाली तेव्हाही पेपरातून मान वर न काढता तेवढंच म्हणाले. जन्मभर घसा फोडला मी, आणि शिसं ओतलं ह्यांच्या नावाने.

माझा ठोकळा मी मुद्दाम हातातून सोडला. फुटला नाही, धड वाजलाही नाही. कुणा पाहुण्याने दोन बोटांनी उचलून परत फळीवर ठेवला. लेक तो रांगेत सरळ करायला वाकली.

तेव्हा म्हटलं, "घरी चल."

मान वर न करता ती म्हणाली, "बरं."

जाऊ वाटेत म्हणत होती, बघ, कबूल झाली पोरगी. घरी आले. तिची खोली काही झाडायला घेतली नाही.