एका रेकॉर्डरचं गाऱ्हाणं

मी एक जुना रेकॉर्डर आहे. वय विचाराल तर जेमतेम दोन वर्षं. पण माळ्यावर फाटक्या जाळ्याखाली टाकलेल्या वस्तूला नवी कोण म्हणेल?

मित्रांनो, टीव्हीवरचा कार्यक्रम पोटात साठवायचा आणि घरच्यांना सवड झाली की दाखवायचा, हे माझं काम. २००८ च्या भाऊबीजेला परशुरामने मला आखातातून आणून बहिणीच्या, विमलाच्या ओवाळणीत घातलं. विमला वेंगुर्ल्याच्या बंदरावर मासे विकते. तिचा नवरा गुणाजी होडी चालवतो आणि "माका सगळां कळता" असं उठता-बसता म्हणतो. केबलची वायर आधी माझ्यात आणि माझ्यातून टीव्हीत न्यायची असते. या शहाण्याने ती सरळ टीव्हीत खुपसली. मग माझ्यात काय येणार, कपाळ? मी नुसत्या पडद्यावरच्या मुंग्या साठवल्या. दुसऱ्या दिवशी केबलवाल्या धोंडूने वायर नीट लावली.

पुढच्या गणपतीत विमला आणि तिची थोरली जाऊ सुगंधा यांची आदल्या रात्री घातलेली फुगडी गावच्या केबलवर दाखवणार होते. तीही दुपारी चारला, नेमकी होड्या किनाऱ्याला लागायच्या वेळी! विमला बंदरावर अडकली, पण मी अख्खी फुगडी टिपली. तिन्हीसांजेला दोघी जावा माझ्यापुढे बसल्या.

"गो बाय, तुझो आवाज केवढो!" विमला म्हणाली. सुगंधा पदरात तोंड लपवून हसली.

त्या दसऱ्याला विमलाने कोयत्याला आणि तराजूला झेंडू वाहिला, तसा मलाही वाहिला. मला धन्य वाटलं.

माघात सुगंधा तापाने गेली. तिचा आवाज आता फक्त माझ्या पोटात उरला होता. विमला दर सोमवारी फुगडी लावायची, डोळे पुसायची आणि कामाला लागायची.

एप्रिलात गुणाजीच्या क्रिकेटने माझं पोट तुडुंब भरलं. नव्या मॅचला जागा नव्हती. बारा जुन्या मॅचींपैकी एखादी पुसता आली असती, पण त्याने फुगडी निवडली. मी पडद्यावर विचारलं, 'पुसायचं?' त्याने होय दाबलं. 'नक्की?' मला बोलायची सोय तेवढीच. त्याने पुन्हा होय दाबलं.

सोमवारी विमलाला फुगडी सापडेना.

"मशीन बिघडलां गो," गुणाजी म्हणाला. "आधी नाय मुंग्यो इल्ल्यो? तसाच झाला."

त्या मुंग्या त्याच्याच वायरीने आणल्या होत्या! विमलाने ते खरं मानलं. ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, "तुका मी फुलां घातलंय, आणि तूच माका फसयलंस?" मग तिने स्वतःच्या हातांनी मला माळ्यावर टाकलं.

धुळीचं मला काही वाटत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, ते मात्र सहन होत नाही.

यंदाच्या भाऊबीजेला परशुराम आला. माझ्या जागी नवा आणून द्यायचं त्याच्या मनात होतं. "नवीन हाडून देव?" त्याने विचारलं.

"नको रे दादा. यंत्राचो भरवसो नाय," विमला म्हणाली. गुणाजी शेजारीच होता. मान खाली घालून करंजी खात राहिला.

मित्रांनो, चूक तुमच्या हातून झाली तर तुमच्याच तोंडाने सांगा. आमच्यासारख्या मुक्यांवर ढकलू नका. आणि कधी वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेलात तर विमलाला तेवढं सांगा, की पुसण्याआधी मी दोनदा विचारलं होतं.