अंकुशनगरचा संशयी कूलर

मित्रांनो, मी अंकुशनगरातला एक जुना, पत्र्याचा कूलर आहे. जालन्याच्या एका दुकानात मला ठोकूनठाकून तयार केले आणि रखमाजींनी हौसेने घरी आणले. त्यांची नात प्रियदर्शनी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी माझ्यासमोर बसायची. "आबा, आपला कूलर लई भारी हाय," असे ती म्हणाली की मला धन्य वाटायचे.

मग तिला रक्ताचा मोठा आजार झाला. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या भावाच्या मूळपेशी तिच्या शरीरात सोडल्या. ती घरी आली तीच तोंडाला मास्क बांधून. तिची आई उषाबाई सगळ्यांना बजावायच्या, "पोरीच्या अंगात आजाराशी लढायची ताकद अजून आली न्हाई. साधी बुरशी बी तिच्या जिवावर उठंल."

तेव्हापासून मी खिडकीतून पहारा सुरू केला. मावशी नंदाबाई राजूरच्या गणपतीचा हार घेऊन आल्या. त्या ओल्या फुलांत काय दडले असेल, कोण जाणे! शिंकणारा पाहुणा दिसला की माझा पत्रा तापायचा. उषाबाई सगळ्यांना अंगणातूनच परत पाठवायच्या. बरेच झाले, असे मी मनात म्हणायचो. माझा कुणावरच भरवसा उरला नव्हता.

एका दुपारी पोर घामाघूम झाली. उषाबाई बाजारात गेल्या होत्या. रखमाजींना नातीची तगमग पाहवेना. त्यांनी माझ्या टाकीत पाणी ओतले.

"आबा, आईनं बिलकुल न्हाई म्हणलंय."

"जराच लावतो, बाळा. मंग बंद करू."

मी जीव ओतून वारा दिला. तिला शांत झोप लागली. मला फार आनंद झाला.

उषाबाई परतल्या आणि दारातच थबकल्या. "कुबट वास कशाचा येऊन राह्यला?" त्यांनी मला बंद केले आणि माझी जाळी उघडली. गेल्या उन्हाळ्यापासून तसेच राहिलेले गवत काळ्या बुरशीने माखले होते.

पुढच्या आठवड्यात तिला ताप भरला. बुरशी फुप्फुसात शिरली होती. पुष्कळ दिवस ती दवाखान्यात झुंजली आणि वाचली. मी आता मागच्या अंगणात पडून असतो. तिचा आवाज ऐकू येतो, तेवढे मला पुरते.

मित्रांनो, अशा रुग्णाच्या खोलीत मला कधीही नेऊ नका. मी परका असतो, तर रखमाजींनी मला दारातच अडवले असते. मी घरचाच होतो, म्हणून त्यांनी मला अडवले नाही; आणि माझा तिच्यावर जीव होता, म्हणून मीही स्वतःवर कधी संशय घेतला नाही.