आधी गाठ सोडा

जरा झाकण उघडं ठेवा, म्हणजे मला मोकळेपणाने बोलता येईल. मी मागच्या दारातला निळा डबा. कागद, पुठ्ठे, बाटल्या असा पुन्हा उपयोगी पडणारा कचरा सांभाळायला माझा जन्म झाला. मीही जुन्या बाटल्या वितळवूनच घडलोय, त्यामुळे बाटली आली की मला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटतं.

या घरात देशोदेशीची मुलं शिकायला येतात, भाड्याने एकत्र राहतात. कुणाच्या घरी सगळा कचरा एकाच टोपलीत, तर कुणाच्या घरी बाटलीचं झाकणही वेगळं. सुरुवातीला माझ्या पोटात काय नव्हतं? शिळा भात, फाटके मोजे, एकदा तर गजराचं घड्याळ. ते नेमकं कचरा न्यायला आलेल्या गाडीवाल्यासमोर वाजायला लागलं. त्याने मला तसंच भरलेलं सोडलं.

मग घरमालकीण आली. "पुढच्या खेपेला हा डबा भरलेलाच दिसला, तर खोल्या रिकाम्या करायच्या."

परीक्षा तोंडावर आलेली. घरातल्या चौघांत थोरली ती सगळ्यांची ताई. तिने कंबर कसली. बाटल्या विसळल्या, पुठ्ठे चपटे केले.

"आता कचऱ्यालाही आंघोळ?" चौघांतला उंच, तो लंबू, कुरकुरला. "मीच दोन दिवस केली नाहीये."

"वास येतोय. आधी तू कर, मग बाटल्यांना घाल."

सगळं स्वच्छ झाल्यावर ताईने ते पिशव्यांत भरून घट्ट गाठी मारल्या. कचरा उघडा टाकू नये, चारचौघांत बरं दिसत नाही, असं आईने शिकवलेलं.

सकाळी ती फाटकातच उभी राहिली. गाडीवाल्याने माझं झाकण उचललं आणि पुन्हा लावून टाकलं.

"अहो दादा, सगळं धुतलंय."

"असेल. पण बांधलेल्या पिशवीत काय आहे, मला कसं दिसणार? शिवाय पिशवी यंत्रात अडकते. सुटं टाकायचं."

गाडी निघाली. ताईचा चेहरा पडला. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा पडदा सरला. त्यांचं आमच्यावर कायम लक्ष.

"अगं, बघत काय राहिलीस? पुढे वळून रस्त्याच्या समोरच्या बाजूने परत येते ती गाडी. सोड गाठी."

ताईने माझ्यात कोपरापर्यंत हात घातले. ज्यांच्या गाठी सुटेनात, त्या पिशव्या फाडून बाहेर काढल्या. लंबू ओल्या केसांनी धावत आला आणि दोघांनी मला खडखडत रस्त्यापलीकडे ओढत नेलं. माझं एक चाक तेव्हाच निखळलं.

गाडीवाल्याने आत पाहिलं, मग ताईच्या हातांकडे पाहिलं आणि मला उचलून रिकामं केलं. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

ताई परीक्षा देऊन, पास होऊन गेली. मी लंगडतो, झाकणाला चीर गेली आहे, पण दर आठवड्याला रिकामा होऊन परत येतो. जोवर दुसरं चाक आहे, तोवर येईन. तुम्ही फक्त विसळून, सुटं टाकत जा.

परवाच एक नवा मुलगा घट्ट बांधलेली पिशवी घेऊन आला. माझं झाकण बंद, त्याला माझं बोलणं कुठलं ऐकू जायला? पण काकूंचा पडदा हलला.

"बाळा, आधी गाठ सोड."

त्याने सोडली.