धुऱ्यावरची लढाई

सिनेमा मुका होता तेव्हा पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा माणूस लागायचा. आमच्या फिरत्या तंबूत ते काम शालिकराम करायचा आणि मी पेटी वाजवायचो. पेटी बिघडली तरी खेळ व्हायचा, पण शालिकरामचा घसा बसला की तंबू ओस. शिवाय वऱ्हाडातली माणसं गप्प बसून पाहणाऱ्यांतली नव्हेत. कोणीही मधेच प्रश्न विचारायचा आणि सांगणाऱ्यानं उत्तर द्यायचं, असा रिवाजच होता. उत्तर टाळलं की हुर्यो उडायची.

एकोणीसशे तीस साली आम्ही शालिकरामच्याच गावी, भातकुलीत तंबू ठोकला. जंगल सत्याग्रहाचे दिवस होते. परतवाड्याकडच्या सरकारी जंगलात गवत कापलं म्हणून शालिकरामचा मुलगा देवीदास अकोल्याच्या तुरुंगात होता. आणि आमचा सिनेमा कशाचा, तर एका राज्यावर परका राजा चालून येतो त्याचा. फौजदारानं अट घातली, लढाई खुशाल दाखवा, पण राज्य कोणाचं, ते बळकावलं कोणी, यातलं एक अक्षर बोलायचं नाही. पडद्यावर येणारा मजकूरही त्यानं कात्रीनं कापायला लावला.

आमचे मालक ओमप्रकाश यांना त्यात काही गैर वाटलं नाही.

"लोक मजा पाहाले येते," ते म्हणाले. "आपल्याले राजकारण काय करा लागते?"

मला मात्र रागच आला. लढाईतून कोणी कोणाचं काय लुबाडलं एवढं काढून टाकलं, तर उरतात नुसते उड्या मारणारे घोडे. मी तसं म्हणालोसुद्धा. पण पेटीवाल्याचं कोण ऐकतो!

शालिकरामला फौजदारानं वेगळं बोलावलं. तोंड सांभाळलंस तर रविवारी तुझी आणि तुझ्या बायकोची पोराशी भेट घडवतो, म्हणाला. शालिकराम कबूल झाला. कोणताही बाप झाला असता. त्याची बायको कौशल्या त्याच दिवशी मुगाचे लाडू वळायला बसली. पोराला पाहून तिला तीन महिने झाले होते.

खेळ सुरू झाला. फौजदार पुढच्या खुर्चीत. शालिकरामनं त्या महायुद्धाचं सरळ शेताच्या बांधावरचं भांडण करून टाकलं.

"हा खुशालराव, तो वामनराव. दोघं भाऊ. धुऱ्यावरून जुंपली हाय."

पडद्यावर हत्ती आले, तोफा आल्या. मागून कोणी ओरडलं, "धुऱ्यासाठी तोफ? आमच्या गावात कुऱ्हाडीवर भागते!" तंबूभर हशा पिकला. फौजदारही हसला. ओमप्रकाश यांचा जीव भांड्यात पडला.

मग राजपुत्राला बेड्या घालून कोठडीत ढकलतात तो भाग आला. त्याची आई गजांना धरून रडत होती. मी पेटीचा सूर खाली आणला. बायकांत बसलेल्या, बाजारात भाजी विकणाऱ्या पार्बताबाईंनी विचारलं,

"काहून रे बापू, पोरगं तं चांगलं दिसून राहिलं. त्याले काहून कोंडलं?"

"धुऱ्यावरचं गवत कापलं त्यानं, मावशी."

शालिकरामच्या तोंडून ते निघून गेलं. धुऱ्याच्या गोष्टीत दुसरं उत्तर तरी कुठून आणणार? हशा थांबला. भातकुलीत कोणाचा पोरगा कशासाठी आत आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"गवतासाठी बेड्या?" पार्बताबाई सोडेनात. "गवत होतं कोणाचं?"

फौजदारानं मान वळवली. शालिकरामनं पडद्याकडे पाहिलं, मग बायकांत बसलेल्या कौशल्याकडे. नुसतं "वामनरावाचं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझी बोटं पेटीवरच थांबली.

"आपलंच होतं, मावशी," तो म्हणाला. "आपली ढोरं चरत होती तिथं. सरकार म्हणे, आमचं. म्हून देवीदासनं इळा लावला."

फौजदार खुर्ची ढकलून उठला. "बंद कर खेळ! अन् रविवारची भेट विसर."

ओमप्रकाश धावले, यंत्र थांबलं. कंदिलाच्या उजेडात पाहिलं, तर जागचं कोणी हललं नव्हतं. शालिकराम खाली मान घालून उभा होता. बायकोकडून त्याला आता कोणती शिवी ऐकावी लागणार, या धास्तीनं मीच चोरासारखा झालो.

कौशल्या उठून उभी राहिली. तिचा आवाज पार मागच्या कनातीपर्यंत पोचला.

"भेट तं गेलीच," ती नवऱ्याला म्हणाली. "आता पुरं सांगा."