पाचव्या अंकातला पेला

मी एक पेला आहे. कथलाचा. अंगावर सोनेरी मुलामा आहे, पण तो काठावरून केव्हाच निघालाय, आणि पोटाला एक मोठा पोचा आहे. तरी लंडनच्या हजारो माणसांनी मला राजाचा पेला म्हणून पाहिलंय आणि मला पाहून डोळेही पुसलेत. कथलाच्या जातीला एवढा मान सहसा मिळत नाही, म्हणून माझी गोष्ट सांगावीशी वाटते.

हॉजकिन नावाच्या कारागिराच्या भट्टीवर माझा जन्म झाला. आम्ही बारा भावंडं एकाच साच्यातून निघालो आणि बाराही जण नदीच्या दक्षिण काठावर मार्जरी पेक हिच्या खानावळीत गेलो. माणसं मला तोंडाजवळ धरून भांडायची, शपथा घ्यायची आणि माझा तळ दिसला की सगळं विसरून घरी जायची.

एका दुपारी शेजारच्या नाटकघरातला गिल्बर्ट स्पार्क जेवायला आला. हा राजांच्या भूमिका करायचा. पोट सुटलेलं, आवाज गडगडाटी. त्याने मला उचलून उन्हात धरलं.

"मार्जरीबाई, हा मला द्या. याला राजवाड्यात नेतो."

"राजवाड्यात ने नाहीतर गोठ्यात. पण बदल्यात मला पुढच्या बाकावरून नाटक दाखवायचं."

सौदा ठरला. मला मुलामा चढला, खोटी माणकं चिकटली आणि मी रंगपटात दाखल झालो.

नाटक असं होतं. राजाने एका तरुण सरदाराच्या थोरल्या भावाला विष घालून मारलंय. तो तरुण सूड घ्यायला राजवाड्यात येतो आणि राजाला मद्य देणारा सेवक बनून राहतो. पहिल्या चार अंकांत तो चार वेळा माझ्यात विष कालवतो, चार वेळा मला राजापुढे धरतो, आणि चार वेळा परत घेतो. एकदा म्हणतो, माशी पडली. एकदा राजा लहान मुलासारखा हसतो आणि याचा हातच पुढे जात नाही. शेवटी पाचव्या अंकात राजा पितो, मरतो, आणि उरलेलं पिऊन सेवकही मरतो.

सेवकाचं काम अँब्रोज टिली करायचा. उंच, किडकिडीत, बोलके डोळे. तो मला मागे घ्यायला लागला की खाली उभ्या असलेल्या गर्दीतून मासळीवाली डॉर्कस हमखास ओरडायची, "अरे, दे ना मेल्या! पाय दुखले माझे!" आणि पुढच्या खेळाला पुन्हा पहिल्या रांगेत हजर. माणसांचं मला हेच नवल वाटतं. घाई कर म्हणून ओरडतात, आणि उशीर बघायलाच येतात.

पेल्यात खरं तर पातळ बिअर असायची. दुसरा कुणी नट असता तर नुसता ओठाला लावून मोकळा झाला असता. गिल्बर्ट मात्र खरंच घटाघटा प्यायचा. म्हणायचा, "गळ्याची घाटी हलली नाही तर लोकांना विष चढल्यासारखं वाटत नाही."

हे अँब्रोजला चांगलं ठाऊक होतं.

खेळानंतर मला घासण्याचं काम त्याचंच. घासता घासता तो स्वतःशी पुटपुटायचा, त्यातून मला सगळं कळलं. सहा वर्षांपूर्वी दोघे जिवलग मित्र. नाटक मंडळी लांबच्या नॉरिच गावी खेळ करायला गेली असताना अँब्रोजला तापाने गाठलं. त्याला एका तबेल्यात गवतावर निजवून गिल्बर्ट म्हणाला, "वैद्याला घेऊन येतो. घाबरू नको, मी आहे." तो गेला तो गेलाच. मंडळीची गाडीही गेली. एका गिरणीवाल्याच्या बायकोने पेज पाजली म्हणून अँब्रोज जगला. पुढे तो पुन्हा याच मंडळीत आला, तर गिल्बर्टने काही झालंच नाही अशी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर रोज खेळ संपला की तीच थाप.

अँब्रोजने औषधवाल्याकडून जुलाबाची पूड आणली होती. भर नाटकात, हजार लोकांसमोर, मुकुट घातलेल्या राजाला पोट धरून पळायला लावायचं! तीन खेळांना त्याने पुडी काढली आणि तीनही वेळा परत खिशात घातली. चौथ्या खेळाला मात्र, पाचव्या अंकाच्या आधी, "आज नाही तर कधीच नाही," असं म्हणून त्याने ती माझ्यात रिकामी केली आणि बोटाने ढवळली. इतकं कडू मी आयुष्यात काही पोटात घेतलं नव्हतं.

तो मला घेऊन राजापुढे आला. राजाने हात पुढे केला. अँब्रोज थांबला.

इथे थांबणं नाटकात नव्हतं. माझ्यातली बिअर हिंदकळून काठाला लागत होती. "दे रे!" डॉर्कस ओरडली. मग तीही गप्प झाली. अख्खं नाटकघर श्वास रोखून बघत राहिलं.

गिल्बर्टला वाटलं, हा वाक्य विसरला. ओठ न हलवता तो कुजबुजला, "'घ्या महाराज, हा शेवटचा पेला.' हे बोल. घाबरू नको, मी आहे."

तेच शब्द! अँब्रोजचा चेहरा लाल झाला आणि मी सरळ राजाच्या ओठांशी जाऊन टेकलो. पण गिल्बर्ट प्याला नाही. तो मित्राला सावरायला वेळ काढत होता. नाटकात नसलेली वाक्यं रचून बोलत होता, सेवकाच्या इमानाची स्तुती करत होता, कपाळावरून घाम ओघळत होता, आणि नजर अँब्रोजवरून हलत नव्हती. या वेळी तो कुठेही गेला नाही.

अँब्रोजने मला हिसकावून घेतलं आणि फळ्यांवर आपटलं.

तोच हा पोचा. बिअर सांडली, लोकांच्या तोंडून "अरे!" निघालं. आता राजा मरणार कसा? गिल्बर्टने मला उचललं, उलटं केलं, आणि उरलेला एक थेंब जिभेवर घेतला. "असल्या विषाचा थेंबही पुरे!" असं गर्जून तो जो मरायला लागला, तो पायऱ्यांवरून, सिंहासनावरून, पुन्हा पायऱ्यांवरून मरतच राहिला. अँब्रोज त्याच्याशेजारी कोसळून खरंखुरं रडला. टाळ्या थांबेनात.

रंगपटात अँब्रोजने सगळं सांगून टाकलं. गिल्बर्ट मुकुटासकट खाली बसला.

"मी वैद्याकडे गेलो होतो रे. तो म्हणाला, प्लेग असेल. माझी गाळण उडाली. गाडीत चढलो. सहा वर्षं रोज ठरवतोय, आज माफी मागायची. आणि रोज नुसती थाप मारून पळतो."

"म्हणजे ती थाप..."

"तीच. थापेच्या पुढे जीभच रेटली नाही."

अँब्रोज उठून त्याच्या मागे गेला. मग त्याने गिल्बर्टच्या पाठीवर थाप मारली. जरा जोरातच.

गिल्बर्टने विचारलं, "ती पूड फार जहाल होती का रे?"

"औषधवाला म्हणाला, घोड्याला पुरेल."

गिल्बर्टने आपल्या पोटाकडे पाहिलं, पोटानेही लगेच गुडगुड करून उत्तर दिलं, आणि राजेसाहेब झगा सावरत परसाकडे धावले. अँब्रोज हसता हसता जमिनीवर लोळला.

त्यानंतर लोक तोच शेवट मागू लागले. पुढची नऊ वर्षं मी दर खेळाला आपटला गेलो आणि एकदाही कुरकुर केली नाही.

आता दोघेही म्हातारे झालेत. अँब्रोजच्या लेकीची केंटमध्ये सफरचंदांची बाग आहे, तिथेच राहतात. कोण किती छान मरायचा यावर रोज वाद घालतात. मी फडताळात असतो. पाहुणे माझी गोष्ट ऐकतात, मला हातात घेतात, आत डोकावतात, वास घेतात, आणि हळूच खाली ठेवून दुसरा पेला मागतात.

अहो, आत काही नाही हो! मला स्वच्छ धुतलंय. या वर्षीची सफरचंदं गोड निघालीत, त्यांचा रस काठोकाठ भरा, शेजारी जो बसला असेल त्याच्याकडे एकदा बघा, आणि फार विचार न करता पिऊन टाका.