तळ्याकाठची झोप

राहीबाईनं नवऱ्याला सरळ थाप मारली. मायणीच्या तळ्यावर म्हसोबाला नारळ बोललाय, पोरगं लढाईवरनं धडधाकट आलं की फोडीन म्हणून. नवरा गुऱ्हाळावर उकळत्या रसाच्या काहिलीपुढं उभा होता. त्यानं मान हलवली आणि बैलगाडी दिली.

गाडी वाडीबाहेर पडली आणि राहीबाईचा जीव खालीवर व्हायला लागला. नवऱ्याला फसवलेलं चालतं, पण देवाला कसं चालंल? मग तिनं गाडीतच डोळे मिटून खराखुरा नारळ बोलून टाकला. ही दोघं आज एकमेकांशी बोलली, तर फोडीन.

ही दोघं म्हणजे बरोबर गाडीत बसलेला तिचा थोरला मानसिंग आणि त्याची बायको शालू. अंगाची हळद उतरायच्या आत मानसिंगला पलटणीत बोलावणं आलं. गेला तो साडेतीन वर्षांनी इटलीतनं परतला. पंधरा दिवसांची सुट्टी, त्यातले तेरा संपले. परवा जायचं. खिशात एक कागद होता. पलटणीत राहणार का नाव कमी करून घरी येणार, ते त्यावर लिहून द्यायचं होतं. बाप म्हणाला, तुझं तू बघ. राहीबाईला वाटायचं पोरानं घरी यावं. पण आईनं सांगितलं म्हणून आला, तर जन्मभर तिच्याच नावानं कुरकुर करणार. सांगायचं तर शालूनंच सांगायला पाहिजे.

आणि शालू सांगणार कधी? थोरल्यांच्या देखत नवरा-बायकोनं तोंड उघडायचं नाही, ही रीत. त्यात गुऱ्हाळ चालू. दिवसभर घरात माणसांचा राबता, रात्री बाप्ये सगळे गुऱ्हाळावर आणि बायका माजघरात. तेरा दिवसांत दोघांचं बोलणं काय झालं, तर 'पाणी' आणि 'ठेवलंय'.

तळ्यावर पोचली तेव्हा ऊन बांधावर चढत होतं. पाणी लांबपर्यंत पसरलेलं, वाऱ्यानं बारीक चुणी पडलेलं. पलीकडं उथळात काठीसारख्या पायांचे पांढरे पक्षी उभे होते, शेकड्यानं. एकदम उडाले तेव्हा कळलं की पंखाखाली गुलाल भरलाय. शालूचा पदर डोक्यावरनं घसरला तरी तिला पत्ता नव्हता. मानसिंग पक्षी सोडून तिच्याकडंच बघत होता. राहीबाईनं ते बरोबर हेरलं.

भाकरी, वांग्याचं भरीत, वर ताक. जेवणं झाली तशी तिनं गडी गुंडाला बैल धुवायला पार त्या टोकाला पिटाळला, आणि हाक मारल्याबिगर येऊ नको म्हणून दम भरला. मग जरा पाठ टेकते म्हणत लिंबाखाली आडवी झाली आणि तोंडावर पदर ओढला. लुगडं विरलेलं, पदरातनं सगळं दिसत होतं.

दोघं बसली होती ती मधनं गाडी जाईल एवढ्या अंतरावर. मानसिंग पाण्यात खडे टाकत होता. शालू गवत उपटत होती. एवढं गवत उपटलं की एका वासराचं पोट भरलं असतं. राहीबाईच्या पायावर मुंगळा चढला आणि कडकडून चावला. दात खाऊन तिनं सोसलं. आणि तेवढ्यात शालू बोलली, अगदी हळू.

"आत्याबाई जाग्या हायत."

"कशावरनं?"

"घोरंनात. झोपल्या की आढं हालतं."

राहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं संसार केला, ती घोरते म्हणून कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि ही कालची पोर! उठून एक धपाटा घालावा असं फार वाटलं. पण उठली तर सगळंच मुसळ केरात. म्हणून तिनं राग गिळला आणि घोरायला लागली. नवऱ्याची नक्कल केली, शेवटच्या शिट्टीसकट.

"एवढी घोरती?" मानसिंग म्हणाला.

"आज कमीच हाय."

मग मात्र बांध फुटला. त्यानं इटलीतलं तळं सांगितलं, डोंगरातलं, पण असले पक्षी तिथं नव्हते म्हणाला. तिनं म्हशीचं सांगितलं, धाकट्या नणंदेच्या लग्नाचं सांगितलं. शेवटी त्यानं कागद काढला आणि विचारलं, काय लिहू.

शालूनं आणखी थोडं गवत उपटलं. राहीबाई जीव मुठीत धरून घोरत राहिली.

"तुमी फोटू धाडला हुता," शालू म्हणाली. "तीन वरसं त्योच बघितला. आता डोळं मिटलं की फोटूच दिसतो, तुमी दिसतच न्हाई."

"मग?"

"मग ऱ्हावा हितंच. तुमचं त्वांड पाठ हुस्तवर."

मानसिंग हसला. असा हसला की काठावरचा बगळा उडाला. तेरा दिवसांत राहीबाईनं ते हसणं ऐकलं नव्हतं. ऐकता ऐकता ती घोरायचंच विसरली.

मग मानसिंगचा आवाज आला.

"आये, घोर की गं. आजून लय बोलायचं हाय."

"घोरती बाबा," राहीबाई पदराखालनं म्हणाली, आणि कूस बदलून तिनं पुन्हा सूर लावला.

दिवस कलल्यावर म्हसोबापुढं नारळ फोडला. येताना राहीबाई पुढं गुंडाशेजारी बसली. मागं दोघं पाय सोडून बसली होती. मधनं आता मुंगीही गेली नसती. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

गुऱ्हाळावर उतरली, तर नवरा काहिलीपुढंच होता.

"फोडला नारळ?"

"फोडला. पोरगं नाव कमी करून येतंय." मग जवळ सरकून तिनं हळूच विचारलं, "आवं, मी घोरती व्हय?"

नवऱ्यानं काहिलीकडं बघितलं, धुराकडं बघितलं. मग ताज्या गुळाचा एक गरम खडा तिच्या हातावर ठेवला आणि काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडं सारायला खाली वाकला.